टाळूला लावायचं नाही

"कंडिशनर टाळूला लावायचं नाही, केसांना लावायचं. आणि लावून तसंच ठेवायचं नाही, धुऊन टाकायचं."

ही दोन वाक्यं मी कळंबमधल्या माझ्या पार्लरमध्ये गेली सतरा वर्षं म्हणत आले आहे. आरती म्हटल्यासारखी म्हणते, हातवारे करून म्हणते, समोरची बाई मोबाइलमध्ये गुंतली असेल तर तिच्या कानाशी जाऊन म्हणते. कारण डोक्यासाठी बाटलीतून जे काही येतं ते तेलच, अशी आपल्याकडच्या बायकांची पक्की समजूत. आणि तेल कसं लावायचं ते कुणी शिकवावं लागत नाही. तळहातावर घ्यायचं, टाळूवर थापायचं, खसाखसा चोळायचं, वेणी घालायची आणि कामाला लागायचं. कंडिशनरचंही तेच करतात आणि आठ दिवसांनी येऊन म्हणतात, "बाई, तुमच्या त्या मलईनं डोकं चिकट झालं की." मग मी त्यांना खुर्चीत बसवते आणि माझा खेळ सुरू करते.

खेळासाठी टेबलाच्या खणात गव्हाची एक ओंबी असते. दरवर्षी नवी आणते. ती बाईच्या हातात द्यायची आणि सांगायचं, बुडाकडून शेंड्याकडं बोट फिरवा. फिरतं सुळकन. आता उलटं फिरवा. "आई गं!" कुसळं टोचतात. तर ताई, तुमचा एकेक केस असाच आहे. डोळ्यांना दिसत नाही, पण त्याच्यावर मुळाकडून टोकाकडं बारीक खवले असतात. केस नवा असतो तोवर ते चापून बसलेले असतात. मग आपण त्याला बोअरचं जड पाणी दाखवतो, अंगाच्या साबणानं धुतो, उन्हात भाजतो, ओल्यावरच फणी ओढतो. खवले उभे राहतात आणि शेजारच्या केसाला अडकतात. तोच गुंता. झिजलेल्या ओल्या केसावर एका प्रकारचा विद्युतभार असतो आणि कंडिशनरच्या कणांवर बरोबर त्याच्या उलटा. म्हणून ते कण केसाला जाऊन बिलगतात, आणि केस जिथं जास्त झिजलाय तिथं जास्त बिलगतात. वरून पाणी ओतलं तरी थोडे राहतातच. मग केस केसावरून घसरतो, अडकत नाही. त्याचं काम एवढंच. ते केसाला खायला घालत नाही, वाढवत नाही. केस मुळाच्या बाहेर आला की मेलेलाच असतो. त्याला नुसतं सांभाळता येतं.

सगळ्यांना एक मापही नसतं. सरळ आणि तेलकट केसांना फक्त शेंड्यांकडं लावायचं, नाहीतर केस डोक्याला चिकटून बसतात. पातळ केसांना वाटाण्याएवढं पुरतं. रंगवलेल्या, मशीननं सरळ केलेल्या केसांना दाट हवं आणि पाच-दहा मिनिटं ठेवायला हवं. सगळ्यात जास्त लागतं ते कुरळ्या केसांना. डोक्यातलं तेल सरळ केसावरून खाली उतरतं. कुरळ्या केसावर ते पहिल्याच दोन वळणांत अडकतं, म्हणून खालचा केस कायम कोरडा. हे सांगताना मी बोटानं हवेत वळणं काढते. बायका हसतात.

माझ्या धाकट्या जावेचे केस असे कुरळे. दाट, कमरेच्या खालपर्यंत. ती सासरी असते, भूम तालुक्यात, ईटला. धाकटे दीर शेती बघतात आणि आमच्या सासूबाई त्यांच्याकडंच असतात. गेल्या दिवाळीला मी तिच्यासाठी कंडिशनरची एक मोठी पांढरी बाटली नेली. बदामाच्या वासाची. दोन दिवस पिशवीतच राहिली आणि निघताना, एसटीच्या थांब्यावर आठवली. मी ती तिच्या हातात कोंबली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "घे, तुझ्या जंगलाला!" सगळे हसले. तीही हसली. गाडी आली, मी चढले. मला हशा मिळाला होता, माझं काम झालं होतं.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांत तिला टायफॉइड झाला. ताप उतरे, पुन्हा चढे. चाळीस दिवस ती अंथरुणात होती. तेव्हा माझ्याकडं लग्नाच्या तारखांची गर्दी. मी रोज फोन करत होते, तिला हसवत होते, आणि गेले मात्र एकदाही नाही.

पुढं एके दिवशी दिरांचा फोन आला. "वहिनी, हिला जट आलीय. येत्या पौर्णिमेला परडी घ्यायचीय. आई म्हणाली, तुमाला कळवायला पायजे."

आमच्या भागात केसांची घट्ट लड झाली, फणीला दाद देईना, की ती देवीची जट म्हणतात. देवीनं त्या बाईला आपली म्हणून खूण केली, असं. मग तिला परडी देतात. परडी म्हणजे देवीची टोपली. मंगळवार-शुक्रवार ती हातात घेऊन पाच घरी जोगवा मागायचा, नेमधर्म पाळायचा. एकदा परडी घेतली की जटेला कुणी हात लावत नाही, जन्मभर. ज्या बायका हे मनापासून करतात त्यांची मी ओटी भरते आणि पाया पडते, त्यात माझं नाटक नसतं. पण माझ्या जावेचं मन कुणी विचारलं होतं का, एवढाच प्रश्न होता. पौर्णिमेला आठ दिवस होते.

पार्लरला कुलूप लावून मी दुसऱ्या दिवशी ईटला पोचले. ती ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. खरं तर टेकून नव्हेच. मान पुढं काढून बसली होती, कारण मागं वीतभर लांब, मनगटाएवढी जाड, करड्या रंगाची गाठ लोंबत होती. कपाळाला हळद-कुंकवाचा मळवट. शेजारणी येऊन लावून जायच्या. काहीजणी तिच्याहून वीस वर्षांनी मोठ्या, तरी तिच्या पाया पडायच्या.

आम्ही दोघीच आहोत असं बघून ती हळू आवाजात म्हणाली, "अक्का, पाठीवर झोपले न्हाय, महिना झाला. मान अशी वढतीय जशी कुणी मागनं धरलीय. आत मुंग्या चालल्यासारखं व्हतंय."

"मग काढू या की."

तिनं माझा हात घट्ट धरला. "तसं बोलू नका. म्या एकदा म्हणले, कापा. त्याच दिवशी पोरगीला ताप आला. आता काय झालं तर समदे म्हणतील, आईनं देवीला नको म्हणलं म्हणून झालं. म्या कुणाला तोंड दाखवू?" पोरगी पाच वर्षांची. तेव्हा अंगणात कोंबडीच्या मागं पळत होती.

म्हणजे कात्री बंद. मी सासूबाईंकडं गेले. त्यांना मी आत्या म्हणते. त्या वाकळ शिवत बसल्या होत्या. सत्तरी उलटली तरी जुन्या लुगड्यांच्या वाकळा अजून त्याच शिवतात, आणि जुनी वाकळ उसवायची असेल तर सुईच्या टोकानं असा धागा काढतात की कापडाला कळत नाही.

"कात्री आणलीस का?" मी बसायच्या आत त्यांनी विचारलं.

"न्हाय आत्या. बघा पिशवी."

मला वाटलं होतं त्या नको म्हणतील. त्यांनी पिशवी ओढून घेतली, आत हात घातला आणि एकेक वस्तू बाहेर मांडली. कंडिशनरच्या दोन बाटल्या. खोबरेल तेल. मोठ्या दातांची फणी. स्वेटर विणायची एक सुई.

"ही कशाला? तिच्या डोक्याचा स्वेटर करायलीस व्हय?"

"गुंता उकलायला."

"देवीची जट हाय ती. गुंता न्हाय."

मग मी सौदा मांडला. कापायचं नाही, ओढायचं नाही. नुसतं भिजवायचं, मऊ करायचं आणि बोटांनी मोकळं होईल तेवढं करायचं. "देवीची असंल तर सुटायची न्हाय आत्या. देवी काय माझ्या बाटलीला भ्यायली व्हय?"

"आन सुटली तर?"

"तर तिनंच सोडली म्हणा."

आत्यांनी सुईत दोरा ओवला, दोन टाके घातले. "म्या समोर बसणार."

"बसा की. तिकीट न्हाय."

त्या हसल्या नाहीत. पण सकाळी चुलीवर पाणी त्यांनीच तापवलं.

अंगणात उन्हाला पाट मांडून आम्ही सुरुवात केली. आधी कोमट पाणी, मग भरपूर कंडिशनर. ते गाठीच्या आत जावं म्हणून मी ती ओल्या पंचात गुंडाळून ठेवली, अर्धा तास. गाठ नेहमी खालच्या टोकापासून सोडवायची. वरून सुरू केलं तर सगळा गुंता खाली सरकून आणखी आवळतो. टोकाचे चार केस बोटांत धरायचे, सुईच्या टोकानं एक फट करायची, तीत पुन्हा कंडिशनर, पुन्हा बोटं. दुपारपर्यंत माझ्या नखाएवढा भाग सुटला. आत्या बघत होत्या. पोरगीही येऊन बसली, तर मी तिच्याही डोक्यावर पाणी घातलं. तिचे केस इतके मऊ की त्यांना काहीच लागत नव्हतं, म्हणून नुसता वास लावला. थोड्या वेळानं आत्या दुसरीकडं बघत म्हणाल्या, "माझ्या शेपटाला चालतंय का गं ते?" पांढरे, पातळ, मुठीत मावणारे केस. मी वाटाण्याएवढं घेतलं, शेंड्यांना लावलं, धुतलं. त्यांनी वेणी पुढं घेऊन बोटांनी चाचपली. दिवसभर तिला हात लावत होत्या.

दुसऱ्या दिवशी चार बोटं गाठ सुटली. ती सुटायला लागली तसा आतून पांढरट चुरा पडू लागला. वाळलेल्या पिठासारखा, बोटाला चिकट. घाम आणि धूळ असणार, असं मी मनाशी म्हटलं. आणि गळून पडलेले केस तर मुठीमुठीनं निघत होते. मोठ्या तापानंतर केस गळतातच. ते वेणीतच राहिले आणि जिवंत केसांना गुंडाळून बसले. हे मी जावेला समजावून सांगत होते. तेवढ्यात त्या चुऱ्यावर पाण्याचा थेंब पडला आणि वास आला. बदामाचा. पण मी आणलेल्या बाटल्या बदामाच्या नव्हत्या.

मी तो चुरा बोटांत चोळून पुन्हा हुंगला. दिवेलागणीला आत्या देवीपुढं समई लावायला उठल्या. फळीवरून त्यांनी तेलाची बाटली काढली. मोठी, पांढरी. माझी दिवाळीची बाटली, धुऊन घेतलेली, आत गोडं तेल.

"आत्या, ह्यातलं संपलं कधी?"

"लई गुणाचं हुतं," त्या वात सारखी करत म्हणाल्या. "ताप हुता तवा डोकं नुसतं भट्टीवानी. अंघूळ तर बंदच. फणी लावली की केसाचा झुपका हातात. म्या भ्याले, फणीच बंद केली. रोज सकाळ-सांज तुझं ते टाळूला चोळायचे आन वेणी बांधून ठेवायचे. थंडावा वाटायचा तिला. शेवटचा थेंब निघंस्तवर चोळलं."

चाळीस दिवस. न धुता. रोज वर एक नवा थर, त्याच्यावर घाम, उशीचं घासणं, गळालेले केस, आणि त्याच्यावर आणखी एक थर. गुंता तापानं आणि झोपून राहण्यानं झालाच असता, पण त्याला खळ लावून पक्का केला होता माझ्या बाटलीनं. बायका-बायकांत मी ज्या गोष्टीवर सतरा वर्षं हशा मिळवत आले, ती माझ्या घरात घडली होती. दोन वाक्यं होती. एसटीच्या थांब्यावर तेवढा वेळ होता. मी त्या वेळात विनोद केला.

सांगायचं का, याचा विचार मी समई लागेपर्यंत केला. सांगितलं तर म्हातारीला लागणार. तिनं माया केली होती. न सांगितलं तर मी गाठ सोडवीन, माझं कौतुक होईल, आणि जावेच्या मनाच्या एका कोपऱ्यात भीती तशीच राहील की देवीची खूण आपण पुसली. जाऊ माझ्याकडंच बघत होती. तिला अंदाज आला असावा.

मी सांगितलं. खेळ न करता, ओंबी नाही, हातवारे नाहीत. हे तेल नसतं आत्या. टाळूला लावायचं नसतं. धुवायचं असतं.

आत्यांनी समईची वात पुन्हा सारखी केली. मग म्हणाल्या, "म्हंजी माझ्या हातानं झालं."

"माझ्या तोंडानं झालं. बोलायचं तवा बोलले न्हाय."

"तू कवा बोलत न्हाईस?" त्यात टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. त्या उठल्या आणि गोठ्यात गेल्या. म्हशीला वैरण घातलेली होती, तरी पुन्हा घातली. जेवल्या नाहीत. जाऊ भांड्यांपाशी बसून रडत होती. मी विचारलं, दुखतंय का? ती म्हणाली, "न्हाय. रोज दोनदा लावायच्या अक्का, पाय दुखत असले तरी. लई पिरमानं लावायच्या."

तिसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा अंगणात पाट मांडलेला होता, जाऊ पाटावर, आणि तिच्या मागं मी नव्हे, आत्या बसलेल्या. हातात वाकळेची सुई.

"कुठनं धरायचं?"

"खालनं."

"त्ये दिसतंय मला. ते पांढरं किती घ्यायचं?"

मी त्यांच्या तळहातावर ओतलं. त्यानंतर दुपारपर्यंत मला काही काम उरलं नाही. मी ज्या गाठीशी दोन दिवस झटत होते ती आत्यांच्या बोटांखाली वाकळेच्या शिवणीसारखी उसवत गेली. त्या गाठीकडं बघतही नव्हत्या. अंगठ्यानं चाचपायच्या, कुठला केस मोकळा व्हायला तयार आहे ते शोधायच्या, तेवढाच ओढून घ्यायच्या. शेजारच्या दोघी हळद-कुंकू घेऊन दारात आल्या. त्यांनी बघितलं. एक म्हणाली, "जटेला हात लावायलाव व्हय? पोराबाळाचं घर हाय."

जावेची मान माझ्या डोळ्यांदेखत ताठली.

आत्यांनी वर बघितलं नाही. "सून माझी. नात माझी. हात बी माझाच हाय. बसा, च्या ठिवते." त्या बसल्या नाहीत.

ऊन कलायच्या सुमाराला मानेजवळ सुपारीएवढी गाठ राहिली. आत दगडासारखी. आत्यांनी सुई घातली, वाकली. मी तेल सोडलं, पुन्हा मलई लावली, पंचा गुंडाळला, वाट बघितली. काही नाही. कंडिशनर केसाला घसरू देतं. जिथं घसरायला जागाच उरली नाही तिथं त्याचं काही चालत नाही. हे मी कबूल केलं.

आत्यांनी हात पुसले. "कात्री काढ."

"मी आणली न्हाय आत्या."

"पिशवीच्या बुडाला, टावेलाच्या घडीत हाय. पयल्याच दिशी हाताला लागली."

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. दुर्मीळ प्रसंग होता. बघायला माझे प्रेक्षक तेवढे नव्हते. मी कात्री काढून दिली. आत्यांनी ती कपाळाला लावली, देवघराकडं तोंड केलं आणि पाटावरच्या सुनेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या, "आई, चुकलं असंल तर माझं. पोरीचं न्हाय, तिच्या लेकीचं न्हाय. काय करायचं ते मला कर." आणि मग सुनेला, "हालू नगंस."

कात्रीचा एकच आवाज झाला.

मी तिचं डोकं धुतलं. गळून, तुटून निम्मे केस गेले होते; राहिले ते खांद्याखाली पोचत होते, पण बोटं आरपार जात होती. शेंड्यांना मलई लावली, दोन मिनिटं थांबले, धुऊन टाकली. आत्या शेजारी उभ्या राहून बघत होत्या, कुठं लावलं, कुठं नाही. ती आत गेली आणि सतरंजीवर पाठ टेकून आडवी झाली. मान थोडी इकडं, थोडी तिकडं करून बघितली. पोरगी तिच्या दंडावर डोकं ठेवून पडली. दोघी लगेच झोपल्या.

आत्या अंगणातच होत्या. कापलेली ती सुपारीएवढी गाठ त्यांच्या मांडीवर आणि हातात सुई.

"आता कशाला सोडवताय, आत्या?"

"बगू दे. आत काय हाय ते बगू दे."

मी समोर बसले. कापलेल्या गाठीला आता ओढलं तर कुणाला दुखणार नव्हतं, तरी त्या तेवढ्याच हलक्या हातानं उकलत होत्या. मला तीनदा काहीतरी बोलावंसं वाटलं आणि तिन्ही वेळा मी गप्प बसले. समई लावायची वेळ झाली तेव्हा त्यांच्या मांडीवर केसांचा एक मऊ, कुरळा पुंजका होता, थोडा पांढरा चुरा होता, आणि दुसरं काही नव्हतं. त्यांनी तो पुंजका तळहातावर घेतला, बोटानं सारखा केला.

"केसच हायेत," त्या म्हणाल्या, आणि उठून समई लावायला गेल्या.